शनिवार तेली : टोपणनावात टिकलेला धर्मनियम

१/ मानखुर्दनंतर ठाण्याची खाडी ओलांडून पनवेल, पेण, अलिबागच्या वाटेला लागले की जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा मुलूख सुरू होतो. येथे तेलाचा घाणा चालवणाऱ्या बेने इस्रायल समाजाला शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. हे टोपणनाव यहुदी धर्मनियमांच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे.

२/ शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. दहा आज्ञांतील ही आज्ञा घरच्या मालकाबरोबर चाकराला आणि गुराढोरांनाही विश्रांती देते. कोकणात तिचा अर्थ सरळ होता : शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. शिवाच्या नंदीचा मान राखून सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ ठरले.

३/ या समाजाजवळ दीर्घकाळ ना तोराची गुंडाळी होती, ना रब्बी. तरीही आठव्या दिवशी मुलाची सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम आणि एकेश्वराची ग्वाही देणारा ‘शेमा’ टिकून राहिला.

४/ समाजाची परंपरा सांगते की, दाविद रहाबी या यहुदी पाहुण्याने येथील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले. लेवीय ग्रंथातील नियम नेमका हाच आहे. रहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कथेतील परीक्षा पंडितांची नसून स्वयंपाकघरातील स्त्रियांची आहे, हे विसरू नये.

५/ शेजाराचा प्रभावही पडला. तोरा विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई करीत नाही. तरी या समाजात तो दीर्घकाळ टाळला जाई. दुसरीकडे, मांस व दूध एकत्र न शिजवण्याचा नियम नारळाच्या दुधाने सहज पाळला गेला.

६/ ग्रंथांची ओळख पुढे वाढली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी येथे समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीत आले.

७/ खरी कसोटी मात्र इस्रायलमध्ये लागली. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा निर्देश दिला. समाजाने आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला.

८/ रब्बींची शंका निराधार नव्हती, असे म्हणता येईल. विवाह आणि घटस्फोट यांचे यहुदी नियम काटेकोर आहेत. ते ठाऊक नसताना झालेल्या घटस्फोटांचे काय, हा शास्त्रीय प्रश्न होता. तरीही एकाच समाजाचे नाव घेऊन चौकशी लावणे अन्यायाचे होते. कागद मागताना आचरणाची साक्ष बाजूला पडली. वस्तुतः यहुदी धर्मशास्त्र स्वतःच रूढीला, ‘मिन्हाग’ला, मोठे वजन देते.

९/ धर्मनियम ग्रंथात लिहिला जातो, पण टिकतो तो पाळल्याने. शनिवारी घाणा बंद ठेवणारा दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडत होता, आणि याची नोंद त्याने स्वतः केलेली नाही. ती अन्य धर्माच्या शेजाऱ्यांनी केली. ज्याला त्यात काही सिद्ध करायचे नाही, अशा साक्षीदाराचा शब्द इतिहासाने वंशावळीइतकाच मोलाचा मानावा.