सायकल काय, मुली चालवतात!

परवा भाचा घरी आला होता. दहावी पास झालाय, म्हणून म्हटलं, "चल, मामाकडून तुला नवी सायकल." तर साहेब म्हणतात, "मामा, सायकल तर मुली चालवतात. मला गाडी पाहिजे." गाडी म्हणजे अर्थात मोटारसायकल. आणि जायचं कुठे? घरापासून कॉलेज, दीड किलोमीटर. अक्कलकुव्यातल्या अक्कलकुव्यात!

ताई, तू हे वाचणार हे माहीत आहे, म्हणूनच इथे लिहितोय. भांडायला घरी ये, चहा ठेवतो :)

मुली चालवतात हे खरंच आहे. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या तालुक्यात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. सकाळी रस्त्यावर बघा... दप्तर कॅरिअरला, पाय पायडलवर. कुणाची वाट बघणं नाही, पेट्रोलला पैसे मागणं नाही. आणि आमचा हिरो शंभराच्या वर गेलेलं पेट्रोल बापाच्या खिशातून भरून ऐटीत फिरणार! परावलंबी कोण, तुम्हीच ठरवा.

शिवाय वय १६. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ शिवाय मिळत नाही. २०१९ साली कायदा बदलला. आता पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भावजी, ऐकताय ना?

कोणी म्हणेल, मग मोलगीला जा सायकलने. नाही जाणार! देवगोईचा घाट आणि माझे गुडघे, दोघांनाही मी ओळखून आहे. हायवेवरच्या ट्रकांमध्ये पोराला सायकलवर घाला, असंही म्हणत नाही. आजारी माणसाला न्यायला गाडीच हवी. पण दूध, भाजी, क्लास, कॉलेज? म्हणे वेळ वाचतो. वाचलेल्या चार मिनिटांत चौकात गाडीवरच बसून मोबाईल बघतात!

मी तरी कुठे शहाणा होतो? वीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीने गेलो. मग शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, तर चालायच्या ग्राउंडवरही गाडीनेच जायचो! शेवटी स्वतःचीच लाज वाटली आणि सायकल घेतली. ही अक्कल मला चाळिशीनंतर आली, त्याला सोळाव्या वर्षी फुकट देतोय.

असो. सायकल आणून ठेवलीय, घंटीसकट. महिनाभरात नेली नाही तर भाचीला देईन. तिचे पाय आत्ताच जमिनीला टेकतात.