दोन घट आणि दोन वीजकेंद्रे

दोन घट समांतर कसे जोडतात हे तुम्ही चटकन आकृती काढून दाखवाल. पण दोन वीजकेंद्रे समांतर कशी जोडतात? महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी हे विचारतो, तेव्हा उत्तर बहुधा घटांचेच मिळते. माझ्या मते हा दोष मुलांचा नसून आम्हा शिक्षकांचा आहे.

प्रत्यावर्ती विजेचा दाब आपल्याकडे सेकंदाला 50 आवर्तने पुरी करतो. जोडायच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि वारंवारता तर सारखी हवीच, शिवाय दोघींचे चढउतारही एकाच क्षणी व्हायला हवेत. लेझमाच्या रांगेत मध्येच शिरणाऱ्या मुलाला नुसता ताल धरून भागत नाही. पाऊलही इतरांबरोबरच पडावे लागते. एक बाजू शिखरावर आणि दुसरी तळाशी असताना स्विच मिटला, तर प्रचंड प्रवाह वाहून जनित्राचे नुकसान होते. पूर्वी स्विचच्या दोन टोकांमध्ये दिवे लावीत. वारंवारता 50 आणि 50.5 असेल, तर ते दर 2 सेकंदांनी उजळत आणि विझत. ही उघडझाप अगदी संथ करून, दिवे विझलेल्या क्षणी स्विच मिटवीत. आज हे काम उपकरणे करतात. तत्त्व मात्र तेच आहे.

कोल्हापूरहून कर्नाटकाची हद्द किती जवळ! तरीही महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे वीजजाळे 31 डिसेंबर 2013 पर्यंत एका तालात नव्हते. त्या दिवशी 765 किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एकताल झाले. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून देवाणघेवाण होई. एकदिश प्रवाहाला वारंवारता नसते, म्हणून तिथे ताल जुळवावा लागत नाही.

याच्या अवघ्या 17 महिने आधी, 30 आणि 31 जुलै 2012 रोजी, उत्तर भारत अंधारात बुडाला होता. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही. मग इतके मोठे जाळे हवेच कशाला, असे तुम्ही विचाराल. मला वाटते, हवेच. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर त्याचा भार शेकडो जनित्रे वाटून घेतात. मात्र ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याचा भारही सर्वांवरच पडतो. जोडणी शिस्तीखेरीज टिकत नाही, हाच 2012 चा धडा आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, हा धडा वर्गात दाखवा. घरच्या विजेवर प्रयोग मुळीच नको. 100 आणि 81 सेंटिमीटर लांबीचे दोन लंबक शेजारी टांगा आणि एकदम सोडा. पहिल्याची 9 आंदोलने होतात तोवर दुसऱ्याची 10 होतात, आणि दोघे पुन्हा क्षणभर एकत्र येतात. तोच स्विच मिटवण्याचा क्षण! मुले तो एकदा डोळ्यांनी पाहतील, तर परीक्षेनंतरही विसरणार नाहीत.