फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी

आजोबांच्या अमृतमहोत्सवाचे चित्रीकरण असलेली हार्ड डिस्क मीडिया प्लेअरला जोडावी, सारे घर पडद्यासमोर बसावे आणि ‘डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न उमटावा, हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. येथे ‘होय’ म्हणणे म्हणजे डिस्क पुसण्यास संमती देणे होय. डिस्क खरोखरच बिघडली आहे की तिची रचना आपल्याला अपरिचित आहे, एवढा भेदही विचारणाऱ्या यंत्राला कळत नाही. साठवणुकीच्या रचना अनेक आहेत: फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस, ॲपलच्या संगणकांची आणखी निराळी. ॲपलच्या संगणकावर भरलेली धडधाकट डिस्कही साध्या प्लेअरला निकामी वाटू शकते. म्हणून उत्तर ‘नाही’ द्यावे आणि ज्या संगणकावर ती भरली, त्यालाच जोडून पाहावी. चित्रफिती दिसल्या, तर प्रथम दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत करावी. प्लेअरची चिकित्सा नंतर. एकुलती एक प्रत हाती घेऊन दुरुस्ती आरंभू नये, हा दस्तऐवजांचा नियम येथेही तितकाच लागू आहे.

रचनेमुळेच आणखी एक अडचण उद्भवते. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही लग्नाची मोठी फाइल उतरत नाही आणि दोष बिचाऱ्या पेन ड्राइव्हला दिला जातो. वस्तुतः फॅट३२ रचनेत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. प्लेअरच्या पुस्तिकेत एक्सफॅटचा उल्लेख असल्यास रिकामा पेन ड्राइव्ह त्या रचनेत करून घ्यावा. नसल्यास फाइलचे भाग पाडावेत.

चित्र दिसते पण आवाज नाही, ही तक्रारही नेहमीची. फाइलच्या नावापुढील एमपी४ किंवा एमकेव्ही हे केवळ डब्याचे नाव. आत काय भरले आहे, ते त्यावरून कळत नाही. चित्र एका पद्धतीने, तर ध्वनी दुसऱ्याच पद्धतीने आकुंचित केलेला असतो. ध्वनी डीटीएस पद्धतीचा असेल आणि टीव्हीला ती उलगडता येत नसेल, तर पडद्यावरची माणसे मुकी होतात. सेटिंगमध्ये ‘पास-थ्रू’ऐवजी ‘पीसीएम’ निवडल्यास पुष्कळदा आवाज परत येतो, कारण मग ते काम प्लेअर स्वतः करतो. याउलट आवाज येऊन चित्र काळे राहत असेल, तर संशय एच.२६५ वर घ्यावा. हे मानक २०१३चे. जुन्या प्लेअरना ते पेलत नाही. अशी फाइल संगणकावर एच.२६४ मध्ये बदलून घ्यावी, मात्र मूळ फाइल पुसू नये. बदलताना दर्जा थोडा उतरतोच आणि उतरलेला दर्जा पुन्हा मिळत नाही.

प्लेअर मध्येच बंद पडून आपोआप सुरू होत असेल, तर तो बहुधा बिघाड नसून उपासमार असते. वायरींचा पसारा नको म्हणून तो टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला जोडलेला असतो. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअरची. कित्येक प्लेअरना त्याच्या दुप्पट प्रवाह लागतो. सोबत आलेला ॲडॉप्टर वापरला की प्रश्न मिटतो.

हार्ड डिस्कलाही हीच उपासमार भोवते. ती टकटक आवाज करू लागल्यास तत्काळ बंद करावी. स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या यूएसबी हबवर एकदाच लावून पाहावी. तरीही टकटक थांबली नाही, तर पुन्हा पुन्हा चालू करण्याचा मोह टाळून ती पुसलेला-अडकलेला डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नव्हे.