लोराँसने राजाला सोडून दिले

अ‍ॅकॅडेमिक शैलीतील ऐतिहासिक चित्रे म्हणजे भरजरी पोशाख घातलेल्या पुतळ्यांची मांडामांड, असे चित्रकलेच्या वर्गांतून सर्रास बोलले जाते. ज्याँ-पोल लोराँस याने १८७५ साली रंगवलेले ‘धर्मशील रॉबेरचा धर्मबहिष्कार’ हे चित्र पाहिले की हे मत निदान एकदा तपासून घ्यावेसे वाटते. माझीही या चित्राविषयी तक्रार आहे, पण ती निराळी.

१३० सेंटिमीटर उंच व २१८ सेंटिमीटर रुंद असे हे तैलचित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सिंहासनावर फ्रान्सचा राजा दुसरा रॉबेर सुन्न होऊन बसला आहे. राणी बेर्थ त्याला बिलगली आहे. राजदंड खाली पडला आहे. विधी पुरा झाल्याची खूण म्हणून जमिनीवर टाकलेली मोठी मेणबत्ती विझून धुमसते आहे आणि धर्माधिकारी पाठ फिरवून दाराबाहेर पडत आहेत. हे दोघे आणि ते दार यांच्यामध्ये बरीचशी मोकळी फरशी सोडली आहे, आणि चित्राची सारी ताकद तिथे आहे. कुणी हात उंचावत नाही, कुणी आक्रोश करीत नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. इतका संयम साधणाऱ्या शैलीला ‘पोशाखी’ म्हणून निकालात काढणे मला तरी जमत नाही.

आता तक्रारीकडे वळू. ह्यू कापेचा हा मुलगा ९९६ मध्ये एकटा राजा झाला आणि लवकरच त्याने ब्ल्वाच्या सरदाराची विधवा बेर्थ हिच्याशी लग्न केले. दोघांचे नाते धर्मनियमाने निषिद्ध ठरण्याइतके जवळचे होते. पोप पाचवा ग्रेगरी याच्या काळात रोमच्या धर्मसभेने फर्मावले की राजाने बेर्थला सोडावे, सात वर्षे प्रायश्चित्त घ्यावे, न पेक्षा बहिष्कार. हा बहिष्कार प्रत्यक्षात पडला की नाही याविषयी इतिहासकार साशंक आहेत. म्हणजे चित्रातला प्रसंग बहुधा घडलाच नाही! चित्रकाराला तेवढी मुभा असावी. लोराँस प्रजासत्ताकवादी होता, धर्मसत्तेचा विरोधक होता; त्याचा बाण कुणावर आहे हे १८७५ च्या प्रेक्षकाला सांगावे लागले नसेल.

पण पुढे काय झाले? ग्रेगरी ९९९ मध्ये वारला. त्याच्या जागी आलेला दुसरा सिल्व्हेस्टर म्हणजे रॉबेरचा रँस येथील जुना गुरू झेर्बेर. रॉबेर व बेर्थ आणखी काही वर्षे एकत्रच राहिले, आणि मग राजाने तिला सोडले. तिला त्याच्यापासून वारस झाला नव्हता, या कारणाकडेच बरेच अभ्यासक बोट दाखवतात. त्याने आर्लच्या कॉन्स्टन्सशी लग्न केले, तिला मुलगे झाले, आणि राज्य १०३१ पर्यंत चालले. त्याच्याहून वयाने पुष्कळ मोठी असलेली पहिली राणी रोझाला हिलाही त्याने असेच टाकले होते.

लोराँसने मात्र दोघांना एकाच अन्यायाचे बळी करून शेजारी बसवले आहे. ज्याने तिला टाकले, त्याच्याच खांद्याचा आधार ती घेते आहे, आणि दोष सगळा दाराबाहेर चाललेल्यांच्या माथी.

एका जुन्या इतिवृत्तात असे आहे की पुढे रॉबेर रोमला गेला तेव्हा बेर्थ त्याच्या मागोमाग गेली, पुन्हा राणी होण्याच्या आशेने. ते काही घडले नाही. लोराँसला त्या रस्त्याचे चित्र काढता आले असते.