कोंडणार सरकार, सिद्धता मात्र गरिबाची?

संकट ओढवल्यास पंधरवडाभर घराबाहेर न पडता राहता येईल एवढी तयारी प्रत्येक कुटुंबाने ठेवावी, हा उपदेश आता सर्वमान्य झाला आहे. धान्याचे डबे भरलेले असावेत, औषधे व पाणी साठविलेले असावे, थोडी रोकड हाताशी असावी. उपदेश चुकीचा नाही. ज्याच्या घरी दरमहा एक तारखेला पगार येतो त्याने तो जरूर पाळावा. परंतु तोच उपदेश राज्यकर्त्यांच्या तोंडून येतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. लोकांना घरात कोंडण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. कोंडलेल्या माणसाला जगविण्याचे कर्तव्य मात्र त्याच्याच रिकाम्या डब्यावर सोपविले आहे.

अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याने या न्यायाचा अनुभव २०२० साली घेतला. २४ मार्च रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्री देश बंद झाला. सिद्धतेसाठी अवधी मिळाला तो चार तासांचा! त्या रात्री पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगार कोठे होते? मुकादमाची उचल फेडण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेली ही कुटुंबे कारखान्यांच्या तळांवर, कोपींत राहत होती. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ ही घोषणा त्यांनी कोणत्या घरात बसून पाळावयाची होती? साखर कारखान्यांना बंदीतून वगळण्यात आले. म्हणून जे दिवस साऱ्या देशाने दारे लावून काढले, त्याच दिवसांत उसाच्या फडात कोयता चालूच राहिला. हंगाम संपला तेव्हा परतीच्या वाटा बंद होत्या. राज्यभरात लाखाहून अधिक तोडणी कामगार असे अडकले. गावी जाण्याची परवानगी निघावयास एप्रिलचा मध्य उजाडला.

हा केवळ नियोजनातील ढिसाळपणा नव्हे. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. जिल्ह्याचा एक भाग ऊस पिकवितो, दुसरा कोरडवाहू भाग तो तोडणारे हात पुरवितो. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला केंद्रीय कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. पाथर्डीहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसत नव्हता. टाळेबंदीतही मजुरी द्यावी, असा आदेश केंद्राने २९ मार्च २०२० रोजी काढला आणि मे महिन्यात मागे घेतला. ज्याचा मालकच कोणी कबूल करीत नाही, त्याला त्या आदेशाचा एरवीही काय उपयोग होता?

सरकारचे कैवारी म्हणतील की फुकट धान्य दिले गेले. दिले गेले, आणि त्याने असंख्य चुली विझता विझता वाचल्या, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेल, मीठ, जळण आणि औषध पाच किलो धान्यातून निघत नाही. अन्नसुरक्षा योजनेबाहेरच्या केशरी शिधापत्रिकाधारकांना तर गहू ८ रुपये व तांदूळ १२ रुपये किलो दराने विकत घ्यावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंधांबरोबर साहाय्यही जाहीर केले. नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये ठरले. त्या यादीत शेतमजूर नव्हता, ऊस तोडणाराही नव्हता. त्याच वर्षी ४ ते १३ ऑक्टोबर या काळात जिल्ह्यातील ६१ गावे पुन्हा बंद करण्यात आली. साथ आटोक्यात आणण्यासाठी ते आवश्यक असेलही. परंतु शेतमजुराचा बुडालेला रोज कोणाच्या हिशेबात होता?

कायदा काय म्हणतो? २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आदेश मोडणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. ती सर्वांना सांगितली गेली. त्याच कायद्याच्या १२व्या कलमात आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या साहाय्याचे किमान निकष ठरविण्यास सांगितले आहे; मदत छावण्यांतील निवारा, अन्न, पाणी व औषधोपचार त्यात येतात आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठीचे साहाय्यही येते. ते मात्र कोणी ध्वनिक्षेपकावरून गावोगाव ओरडून सांगितले नाही. नागरिकाने चुकावे तर खटला; सरकारने चुकावे तर प्रतिकूल परिस्थिती!

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ साली ब्रिटिशांनी आचार्य नरेंद्र देव, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद प्रभृतींना डांबले. त्या परकीय सत्तेलाही कैद्यांच्या अन्नाचा आणि औषधाचा भार उचलावा लागला. धान्य भरून ठेवा, असे तिने त्यांना सांगितले नव्हते. जो कोंडतो त्यानेच पोसावे, हा तुरुंगातही पाळला जाणारा नियम आहे. निरपराध नागरिकाला त्याहून कमी का?

आणि महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९७२च्या दुष्काळाने या जिल्ह्याला खडी फोडावयास लावली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७चा कायदा उभा राहिला. काम मागणाऱ्याला काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, हे त्याचे तत्त्व. मग जे सरकार स्वतःच्या आदेशाने काम बंद करते, त्याने मजुरी भरून देणे हे त्याच तत्त्वाचे दुसरे टोक नव्हे काय?

म्हणून सिद्धतेचा जाब नागरिकाला नव्हे, सरकारला विचारला पाहिजे. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात बुडालेल्या मजुरीच्या भरपाईची तरतूद असावी आणि तो आराखडा प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावला जावा. माणूस जेथे असेल तेथे, शिधापत्रिकेचा गाव न विचारता, शिधा मिळावा. हंगामापूर्वी प्रत्येक कारखान्याने तोडणी कामगारांची नोंद करावी आणि संकटकाळी त्यांचा निवारा, शिधा व परतीचा प्रवास यांची जबाबदारी उचलावी. जेथे पाणी टँकरने येते तेथे बंदीच्या काळात ते दारापर्यंत पोहोचवावे.

पुढची साथ, पुढचा पूर, पुढची संचारबंदी कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा दार लावण्याचा हुकूम देणाऱ्याने आधी दारात शिधा आणि मजुरी पोहोचविली पाहिजे. ही दया नव्हे. तो कष्टकऱ्याचा हक्क आहे, आणि संघटित होऊन मागितल्याशिवाय तो मिळणार नाही.