बागुलबुवा चालतो, मग भोपळा का नको?

मंडळी, ३१ ऑक्टोबर २०२४ आठवतोय का? गुरुवार होता. पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन. आमच्या कोल्हापूरच्या घरात त्या दिवशी दोन्ही साजरं झालं, आणि त्यावरून बिल्डिंगच्या ग्रुपवर जो दंगा झाला त्यावर मी तेव्हाच लिहिणार होतो. पण फराळ, पाहुणे, मग सोमवारचं डिप्लॉयमेंट... राहूनच गेलं. वाद काही संपलेला नाही, दर दिवाळीच्या तोंडावर नव्याने निघतो. म्हणून आता एकदाचं लिहून टाकतो.

आधी थोडं बॅकग्राऊंड. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. रात्री एकटी बाथरूमला जायची नाही. पॅसेजमधला दिवा बंद दिसला की रडून घर डोक्यावर घ्यायची. कारण शोधायला फार डिबगिंग करावं लागलं नाही. जेवत नाही? "बागुलबुवा येईल हं." झोपत नाही? "बोलवू काय बुवाला?" दंगा करते? "पोलीसमामा घेऊन जातील." हे सगळं कोण म्हणायचं? आजी, मावशी, आम्ही दोघं, सगळेच. एकदा माझा क्लायंट कॉल चालू असताना ती दारावर थापा मारत होती. मी म्यूट करून ओरडलो, "गप्प बस, बुवा ऐकतोय!" ती गप्प बसली. कॉल झकास झाला. रात्री तीन वाजता ती ओल्या गादीवर बसून हुंदके देत होती, तेव्हा त्या कॉलची खरी किंमत कळली.

तर त्या गुरुवारी सकाळी आईने तिला कारीट फोडायला लावलं. डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं, म्हणजे नरकासुर मेला. पोरीला इतकं आवडलं की आणखी चार नरकासुर मागायला लागली. संध्याकाळी मी कपिलतीर्थ मंडईतून आणलेला तांबडा भोपळा काढला. आपला भोपळा असला चिवट की सुरी चालेना, शेवटी बायकोने विळी घेतली. डोळे आणि दात पोरीने खडूने काढून दिले, आम्ही कोरले. आत पणती ठेवली. गराच्या आईने घाऱ्या केल्या. पोरीने आजोबांचं जुनं धोतर पांघरलं, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. शेजारची चार पोरं जमवून स्वारी दारोदार निघाली, "फराळ देता का घाबरवू?" चकल्या, करंज्या, चिवडा... पिशवी भरून परत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "काय रे, शिकले-सवरलेले तुम्ही. ऐन दिवाळीत घरात भुतं नाचवता? ही आपली संस्कृती हाय काय?" तासाभरात ग्रुपवर फॉरवर्ड्सचा पाऊस.

आता त्यांचे मुद्दे एकेक करून घेऊ.

मुद्दा पहिला, हे परदेशी आहे. मान्य. पण काका, भोपळा काही संस्कृती विचारून वेलीवर चढला नाही. हा तांबडा भोपळा मुळात अमेरिका खंडातलाच. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. मग तांबडा रस्सा परदेशी म्हणून बंद करायचा काय? (बघा हिंमत असेल तर.) आणि हॅलोविन तरी कुठे एका जागी बसलंय? आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला, तो कोरायला लागले. आमच्याकडे त्यात पणती आली आणि चॉकलेटच्या जागी चकली आली. सण असेच चालतात.

मुद्दा दुसरा, भुताखेतांचं अशुभ. अहो, नरकचतुर्दशी म्हणजे तरी काय आहे? गोव्यात जाऊन बघा. पोरं खपून अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी आपल्याच गोष्टीतली. राक्षस स्वतःच्या हाताने बनवायचा, त्याच्याशी खेळायचं आणि मग त्याला संपवायचं, हे आपल्याला शिकवायला अमेरिकेने यायची गरजच नव्हती. आपण ते विसरलो आणि फक्त बागुलबुवा तेवढा शिल्लक ठेवला.

मुद्दा तिसरा, यातून अंधश्रद्धा वाढते. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण आपण कोल्हापुरात राहतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉ. पानसरेंना याच गावात गोळ्या घातल्या, चार दिवसांनी ते गेले. दाभोलकरांचे अंनिसचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री लोकांना स्मशानात घेऊन जातात ते कशासाठी? भुताची भीती भाषणाने जात नाही, जवळ जाऊन बघितलं की जाते. चार वर्षांच्या पोरीला मी स्मशानात नेणार नाही. पण धोतराखाली भूत नसतं, आपणच असतो, हे तिला घरातल्या घरात दाखवू शकतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर भीतीचं टेस्टिंग लोकल मशीनवर करायचं, थेट प्रॉडक्शनवर नाही. :)

माझं म्हणणं एवढंच आहे. भीती मुलाच्या हातात खेळणं म्हणून द्या, मोठ्यांच्या हातातली छडी म्हणून वापरू नका. बागुलबुवा आणि भोपळा यांत हाच फरक आहे. बागुलबुवा आपल्या सोयीसाठी असतो. मुलाला तो कधी दिसत नाही, म्हणून कधी मरतही नाही.

एक आक्षेप मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. मॉलमधला रेडिमेड मुखवटा, प्लॅस्टिकचा सांगाडा, पोरांना सजवून फोटो, विषय संपला. हे हॅलोविन नको. पण मग तोच न्याय आपल्या दिवाळीलाही लावा. तयार किल्ला विकत आणून बाल्कनीत ठेवणाऱ्यांनी संस्कृतीवर बोलू नये. हात चिखलात घालून, दगड रचून, हळीव पेरून, पापाच्या तिकटीवरून मावळे आणून केला तरच तो किल्ला.

आणि एक नियम आम्ही पाळला, तुम्हीही पाळा. पोर घाबरलं की खेळ तिथेच थांबवायचा. शेजारचा तीन वर्षांचा मुलगा भोपळा बघून रडला. त्याला आम्ही पणती फुंकू दिली. मग त्याने ती बारा वेळा पेटवायला लावली.

त्या रात्री अकराला पोरगी उठली. मी जागाच होतो. तिने धोतर अंगावर ओढलं, अंधाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी थांबली आणि जोरात म्हणाली, "बुवा, बाजूला हो, मी आलेय!" आणि गेली. एकटी. दिवा न लावता.

भीती एका रात्रीत गेली असं नाही, त्यानंतरही ती कधीकधी मला हाक मारायची. पण आमच्या घरात त्या दिवसापासून बुवाचं नाव घ्यायला सगळ्यांना बंदी आहे. आईला जड गेलं, मलाही. कॉल चालू असताना पोरं दारावर थापा मारतात तेव्हा काय करायचं, याला माझ्याकडे अजून चांगला उपाय नाही. म्यूट करतो आणि दार उघडतो.

बघा, पटतंय का. आणि काकांनो, धोतर लागलं तर सांगा, धुऊन ठेवलंय.