कर्णा फाटतो कुठे?

आमच्या सौभाग्यवतीचे माहेर महाडचे. महाड म्हटले की कुणाला चवदार तळे आठवते, कुणाला रायगड. आम्हाला मात्र आधी पाऊस आठवतो. सावित्री आणि गांधारी भरून आल्या आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती असली, की पाण्याला जायला वाट उरत नाही. मग ते बाजारपेठेत शिरते. जुलै २०२१ मध्ये असे शिरले की सासुरवाडीच्या मंडळींनी ती रात्र माळ्यावर बसून काढली. तेव्हापासून पावसाने जोर धरला की त्या घरात कुणाला धड झोप लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिथेच होतो. रात्रीची जेवणे होतात न होतात तोच गल्लीतून एक रिक्षा आली. टपावर कर्णा, आत कुणीतरी जीव तोडून ओरडतो आहे. सगळे गॅलरीत धावले. ‘पाणी’ एवढा शब्द कळला, पुढचे काही केल्या कळेना.

“चढतंय म्हणाला,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही गं आई, घटतंय म्हणाला,” आमचे मेहुणे.

तोवर रिक्षा कोपऱ्यावरून वळलीसुद्धा! धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की अंथरुणे पसरायची, हे त्या एका शब्दावर होते. आवाज लहान होता म्हणावे तर खिडकीची तावदाने थरथरत होती. आम्ही मुकाट्याने डबे चढवले.

वाचकहो, या सदराच्या लेखकाला असली कोडी सुटल्याशिवाय चैन पडत नाही, हे आपण जाणताच. चार दिवसांनी मेहुण्यांनी आम्हाला पोलादपूरला त्यांच्या ओळखीच्या एका मंडपवाल्याकडे नेले. कर्णे, पेट्या, वायरी यांच्या पसाऱ्यात बसलेला तो गृहस्थ आमची कहाणी ऐकून हसला. “कर्णा आपणहून फाटत नाही, काका. आपण तो फाडतो.”

हे कसे ते पाहू. लाउडस्पीकरच्या पोटात लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे असते आणि त्याला पडदा चिकटवलेला असतो. वीज खालीवर झाली की वेटोळे पुढेमागे होते, पडदा हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. पडदा थोडा हलतो तोवर विजेचे नि त्याचे चांगले जमते. जोर वाढवला की वेटोळे फटीच्या बाहेर डोकावू लागते, तिथे चुंबकाची पकड ढिली होते. शिवाय पडद्याची कडा ताणून ताठ होते. विजेने ‘आणखी पुढे’ म्हणावे आणि पडद्याने ‘आता नाही’ म्हणावे, अशी ओढाताण होऊन लाटेचे शेंडे चेपतात. त्या चेपण्यातून मूळ बोलण्यात नसलेले स्वर जन्माला येतात. दोन स्वर एकदम वाजत असले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर निघतात. बोलण्यात जोर असतो ‘आ’, ‘ई’सारख्या स्वरांचा, च, ट, स ही व्यंजने बिचारी नाजूक. स्वरांची ही उपरी पिलावळ नेमकी व्यंजनांवर येऊन बसते. उरते काय? नुसते ‘तंय’!

यावर सगळे जण करतात काय, तर फिरकी आणखी पिळतात. पण विजेचा जोर दसपट केला तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. पडद्याच्या पदरी मात्र तिपटीहून जास्त धाव येते. खालच्या पट्टीचा तर वेगळाच जुलूम: स्वर एक सप्तक खाली गेला आणि आवाज तेवढाच हवा असला, तर पडद्याला चौपट धाव घ्यावी लागते.

पूर्वी दोष बराचसा अ‍ॅम्प्लिफायरचाही असे. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्या १९२७ सालात झाला, त्याच सालच्या २ ऑगस्टला हॅरल्ड ब्लॅक नावाचा तरुण इंजिनिअर हडसन नदीच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आत परत घालावा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच खोडते, ही युक्ती त्याला बोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ती टिपून ठेवली. १९४७ साली विल्यमसनने याच मार्गाने विकृती हजारात एका भागावर आणली. तेव्हापासून अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर ताणला नाही तर तो निर्दोष सुटतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उरतो तो लाउडस्पीकर.

त्याचे औषध जोर वाढवण्यात नाही, कष्ट वाटून देण्यात आहे. एका पडद्याऐवजी शेजारी शेजारी चार लावले, तर तेवढ्याच आवाजाला खालच्या स्वरांत प्रत्येकाला पाव धाव पुरते. दुसरा उपाय म्हणजे कर्णाच, पण चांगला लांबरुंद. त्यामुळे पडद्याला हवेची घट्ट पकड मिळते आणि थोड्या हालचालीत पुष्कळ काम होते. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने चाळीसच्या दशकात खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा काढला तो याच हिशेबाने. रिक्षावरचा आखूड कर्णा मात्र खालच्या स्वरांना ही पकड देऊ शकत नाही. तिथे पडदा नुसताच फडफडतो आणि वरचे स्वर बिघडवतो. म्हणून बोलण्यापुरते ते स्वर आधीच गाळावेत. टेलिफोन तीनशे कंपनांच्या खालचे काही पाठवत नसे, तरी दोन पिढ्यांचे बोलणे त्यावर सुखाने झाले.

आमच्या मुलुखातला खालूबाजा घ्या. ढोल, सनई, सगळे वाजवणारे रेटून वाजवतात, पण एक वाद्य दुसऱ्यात मिसळून चिखल होत नाही, कारण प्रत्येकाला आपापलेच काम असते. मोठ्या लाउडस्पीकरांतही खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांना वेगळे पडदे देतात, ते याचसाठी.

एक धोका मात्र आहे. स्वच्छ आवाज मोठा वाटत नाही. फाटला की मोठा वाटतो. म्हणून उत्तम पेट्या हाती आल्या की मंडळी आणखी वाढवतात. २००० सालच्या ध्वनिनियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद केले. पुढे त्यात सार्वजनिक संकटाच्या वेळेचा अपवाद घातला, तो महाडकरांच्या कामाचा.

असो. मंडपवाल्याने एकाऐवजी दोन मोठे कर्णे शेजारी बांधले, खालचे स्वर गाळले, फिरकी अर्ध्यावर ठेवली. भाच्याला रस्त्याच्या पार टोकाला उभे केले. आम्ही माइकसमोर ‘चढतंय’, ‘घटतंय’ असे उलटसुलट दहा वेळा बोललो. भाच्याने फोनवर दहाच्या दहा बरोबर सांगितले. मग मंडपवाल्याने डोळे मिचकावून जुना आखूड कर्णा जोडला आणि फिरकी शेवटपर्यंत फिरवली. आम्ही पुन्हा बोललो.

“मामा,” फोनवरून भाचा म्हणाला, “आता तुम्ही नुसते भांडताय असं वाटतंय.”